बाटलीवर तारीख नव्हती

एप्रिलच्या अखेरच्या रविवारी, सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी, नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या माझ्या ताईच्या घरात कोठीच्या खोलीत आल्याच्या बिअरच्या बाटल्या फुटल्या. त्या संध्याकाळी भाचीचा साखरपुडा होता. पाहुण्यांना दारात थंडगार बाटली द्यायची, बाटलीवर तिने स्वतः काढलेलं लेबल असायचं, असं ठरलं होतं.

पुढचा घटनाक्रम मी घरच्या ग्रुपवरचे मेसेज, फोटोंवरच्या वेळा आणि प्रत्येकाशी झालेलं बोलणं यांवरून जुळवला आहे. दिंडोरीच्या बाजूला एका वायनरीच्या प्रयोगशाळेत मी काही वर्षं काम केलं. बाटलीतला दाब मोजणं हे तिथलं माझं काम होतं. त्यामुळे 'दृष्ट लागली', 'नशीब' या शब्दांवर हा अपघात सोडून देणं मला जमत नाही. त्याची एकेक पायरी वेळेसकट सांगता येते.

गुरुवार, सकाळी १०.०० (उरले ७३ तास ४० मिनिटं)

आधी मुलांच्या मनात खरी बिअर होती. भाऊजींनी ते पहिल्याच दिवशी मोडून काढलं. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी बिअर करणं हा गुन्हा आहे, मग ती विकायची असो वा घरच्यांनी प्यायची. २००९ मध्ये पुण्यात डूलली ही मायक्रोब्रुअरी निघाली तीही परवाना घेऊनच. म्हणून आल्याची बिअर. नावात बिअर असली तरी नीट केली तर ते फसफसणारं सरबतच. आलं, साखर, लिंबू, पाणी आणि पावाचं यीस्ट. थोडा वेळ आंबू द्यायचं, बाटलीत भरायचं, बुडबुडे आले की लगेच फ्रिजमध्ये टाकून यीस्टला झोपवायचं.

पहिली खेप दहा लिटरची, साखर एक किलो. म्हणजे लिटरला शंभर ग्रॅम. हा आकडा पुढे लागणार आहे.

कृती एका इंग्रजी पुस्तकातली होती. 'बाटल्या भरल्यावर दोन दिवस घरातल्या तापमानाला ठेवा', असं तिच्यात लिहिलेलं. ते घर इंग्लंडमधलं, वीस अंशांच्या आतबाहेरचं. नाशिकला त्या आठवड्यात दुपारी पारा चाळिशीला टेकत होता. यीस्टचा वेग दहा अंशांना साधारण दुप्पट होतो. पुस्तकातले दोन दिवस इथे एका रात्रीत उरकतात. भाचीला हे जाणवलं होतं आणि तिने वेळ कमी केली होती, हे तिच्या बाजूने नोंदवलं पाहिजे. ती बेफिकीर मुलगी नाही.

गुरुवार, रात्री १०.०० (उरले ६१ तास ४० मिनिटं)

पंधरा बाटल्या भरल्या. साडेसहाशे मिलीच्या, भंगारवाल्याकडून आणलेल्या, सोडा घालून उकळत्या पाण्याने धुतलेल्या. झाकणं नवी, लहानपणी आम्ही ज्यांचे बिल्ले गोळा करायचो तसली पत्र्याची. ती दाबून बसवायचं हाताचं यंत्र भाच्याने मागवलं होतं.

जुन्या बाटलीबद्दल एक सांगायला हवं. काच तिच्या पृष्ठभागावरच्या ओरखड्यापासून फुटते. कारखाना ते दुकान, दुकान ते भंगार, अशा फेऱ्यांत बाटल्या एकमेकींवर घासतात आणि प्रत्येक घासणीनं ताकद थोडी उतरते. डोळ्यांना ती स्वच्छ दिसते. आपल्याकडच्या गोटीसोड्याच्या बाटलीची काच इतकी जाड का, तर हायरम कॉड या इंग्रजाने १८७२ मध्ये तिचं पेटंट घेतलं तेव्हापासून ती दाब धरायलाच घडवलेली आहे. बिअरची बाटली ठरावीक दाबापुरती असते. कारखान्यात त्या दाबाच्या वर वायू जाऊच देत नाहीत.

शुक्रवार, सकाळी ८.०० (उरले ५१ तास ४० मिनिटं)

दहा तास बाहेर राहिलेल्या पंधराही बाटल्या माडीवरच्या जुन्या फ्रिजमध्ये गेल्या. एक उघडून पाहिली. मस्त फसफसली, बूच परत दाबलं. ग्रुपवर पेल्याचा फोटो आला. इथपर्यंत सगळं बरोबर होतं. या बाटल्या रविवार संध्याकाळपर्यंत तशाच थंड राहिल्या असत्या, तर मला हे लिहायची वेळ आली नसती.

शुक्रवार, दुपारी ४.०० (उरले ४३ तास ४० मिनिटं)

लेबलाचं काम. ते सुंदर झालं होतं. नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळीतली जांभळी पाणकोंबडी, लाल चोच, लांब बोटं, मागे पाणवनस्पतींच्या चार रेघा. नाव 'आलं आलं!', अक्षरं मुंबईच्या 'एक टाइप'ने केलेल्या बलू या टंकात. देवनागरीची शिरोरेषा बाटलीच्या गोलाईवर लांबून वाकडी दिसते, म्हणून तिने नाव एका ओळीऐवजी दोन ओळींत, एकाखाली एक मांडलं. छपाई लेझर प्रिंटरवर, कारण इंकजेटची शाई ओल लागली की पसरते. चिकटवायला खळ नाही, डिंक नाही. कागद दुधात बुडवून काचेवर बसवायचा. दुधातल्या केसीनने तो पक्का धरतो आणि कोमट पाण्यात सहज सुटतो. घरी बाटल्या भरणारे लोक जगभर असंच करतात.

लेबलावर पक्षी होता, नाव होतं, भाचीचं आणि होणाऱ्या जावयाचं आद्याक्षर होतं, साखरपुड्याचा दिवस होता. बाटली कधी भरली ते नव्हतं. कोणत्या खेपेची ते नव्हतं.

लेबल हे मुळात ओळखीचं साधन आहे आणि मला त्याबद्दल तळमळीने बोलावंसं वाटतं. १ जानेवारी १८७६ रोजी इंग्लंडमध्ये व्यापारचिन्हांची नोंदणी सुरू झाली तेव्हा पहिला क्रमांक बास कंपनीच्या बिअरवरच्या लाल त्रिकोणाला मिळाला. का, तर ही बाटली कोणाची, हे पिणाऱ्याला कळावं. वायनरीत आम्ही चित्राचं लेबल सगळ्यात शेवटी लावायचो. त्याआधी प्रत्येक पेटीवर, प्रत्येक मांडणीवर खेपेचा क्रमांक आणि भरल्याची तारीख असायची. १९२८ पासून नोटा छापणारं मुद्रणालय ज्या शहरात आहे, तिथे क्रमांकाची किंमत कोणाला सांगायला नको. पण घरी हौसेने काही करताना आपण चित्रापासून सुरुवात करतो. भाचीचं चित्र मी आजही जपून ठेवलंय. त्याच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलने एक आकडा मावेल एवढी मोकळी जागा आहे.

शनिवार, सायंकाळी ६.०० (उरले १७ तास ४० मिनिटं)

पाहुणे वाढले म्हणून सकाळीच दुसरी खेप लावली होती, तितकीच, दहा लिटर. आता लेबलं लावायची. फ्रिजमधून काढलेली बाटली त्या उन्हाळ्यात मिनिटभरात घामेजते आणि ओल्या काचेवर दुधाचा कागद घसरतो. पहिली दोन लेबलं खाली ओघळली. मग कोणीतरी सुचवलं की सगळ्याच बाटल्या बाहेर काढून ठेवू, घरच्या तापमानाला आल्या की पुसून घेऊ.

पंधरा बाटल्या फ्रिजबाहेर आल्या. यीस्ट जागं झालं.

शनिवार, रात्री ९.०० (उरले १४ तास ४० मिनिटं)

दुसऱ्या खेपेच्या पंधरा बाटल्या भरल्या. त्याच आकाराच्या, त्याच तपकिरी काचेच्या, त्याच झाकणांच्या. जेवणाच्या टेबलावर पहिल्या डावीकडे, दुसऱ्या उजवीकडे. एवढाच काय तो फरक.

शनिवार, रात्री १०.३० (उरले १३ तास १० मिनिटं)

लेबलं लावायला सगळं घर बसलं. ताई दुधाची परात धरून, भाचा पुसतोय, भाची कागद बसवतेय, शेजारच्या दोन मैत्रिणी सुकलेल्या बाटल्या सतरंजीवर मांडताहेत. त्या वेळचे फोटो बघताना फार बरं वाटतं, सगळे हसताहेत. पण मी तेच फोटो पुन्हा पुन्हा मोठे करून पाहिले ते वेगळ्या कारणाने. १०.४१ च्या फोटोत डावी-उजवी रांग आहे. ११.१५ च्या फोटोत सतरंजीवर तीस पाणकोंबड्या आहेत आणि रांग कुठेच नाही.

रविवार, रात्री १२.३० (उरले ११ तास १० मिनिटं)

ठरलं होतं ते असं: पहिल्या खेपेत वायू पुरेसा आहे, ती परत फ्रिजमध्ये. दुसरी रात्रभर कोठीत, सकाळी आठला बर्फाची लादी आली की टबात. फ्रिजमध्ये पंधराच मावत होत्या.

"जुन्या कुठल्या गं?" ताईने विचारलं.

"त्या खिडकीजवळच्या बहुतेक," भाची म्हणाली. बाराचा सुमार, दिवसभराची धावपळ. हातात आल्या त्या पंधरा फ्रिजमध्ये गेल्या, उरलेल्या दोन प्लॅस्टिकच्या क्रेटमधून कोठीत.

कोठी पश्चिमेच्या भिंतीला, वर पत्रा, एक छोटी झडप. अशा खोलीत भिंत दिवसाची ऊब रात्रभर सोडत राहते.

आता हिशेब. फ्रान्समधल्या शालों गावचा औषधविक्रेता जाँ-बाप्तिस्त फ्रांस्वा याने १८३६ मध्ये तो लिहून ठेवला. त्याआधी शँपेनच्या तळघरांत उन्हाळा आला की बाटल्यांच्या रांगा फुटत आणि कामगार तोंडावर लोखंडी जाळीचे मुखवटे चढवून आत जात. फ्रांस्वाने दाखवलं की बाटलीत किती साखर उरली आहे ते मोजलं तर दाब आधीच सांगता येतो. थंड तळघरात, लिटरमागे चार ग्रॅम साखर आंबली की दाब हवेच्या दाबाइतका एक पटीने वाढतो. आजही दिंडोरीत किंवा फ्रान्समध्ये बाटलीत फसफसणारी वाइन करताना लिटरला साधारण चोवीस ग्रॅम साखर घालतात आणि सहापट दाब मिळवतात, मोटारीच्या टायरमध्ये असतो त्याच्या अडीच-तीनपट. त्यासाठी रिकामी बाटलीच आठ-नऊशे ग्रॅम वजनाची असते. आल्याच्या बिअरच्या बाटलीत भरताना ऐंशी ग्रॅमांच्या वर साखर शिल्लक होती. ती कधी थांबवायची हा एकच प्रश्न, आणि थांबवण्याचं एकच साधन, थंडी.

उष्णतेचं दुसरंही काम असतं. चार अंशांवर जो वायू हवेच्या दुप्पट दाबाने पेयात विरघळून गप्प बसतो, तोच पस्तीस अंशांवर पाचपट दाबाने काचेला रेटतो. यीस्टने एक बुडबुडाही नवा केला नाही तरी.

रविवार, सकाळी ६.५० (उरले ४ तास ५० मिनिटं)

ताई चहा टाकत होती. कोठीतून दणका आला. "अहो, बघा हो, काहीतरी फुटलं." भाऊजींनी दार उघडलं, एक बाटली गेलेली, गळा शाबूत, बाकी चुरा. त्यांनी केरसुणीने काच गोळा केली, फरशी पुसली. ६.५८ ला ग्रुपवर मेसेज: 'एक फुटली. भंगारातली, काच कच्ची असणार. बाकी २९ ठीक आहेत.'

या मेसेजपाशी मी थांबते, कारण सगळ्या अपघातात ही एकच वेळ अशी होती की तेव्हा सगळं टळत होतं.

१७ ऑक्टोबर १८१४ ला लंडनमध्ये टॉटनहॅम कोर्ट रोडवरच्या म्यू कंपनीच्या ब्रुअरीत, दुपारी साडेचारला, जॉर्ज क्रिक या गोदामातल्या कारकुनाला दिसलं की बावीस फूट उंचीच्या पिंपाभोवतीचं एक लोखंडी कडं निसटून पडलंय. कड्याचं वजन सातशे पौंड. पिंप जवळजवळ काठोकाठ भरलेलं, आत दहा महिने मुरलेली काळी बिअर. अशी कडी वर्षाला दोन-तीनदा निसटायची, त्यामुळे त्याने वर कळवलं तेव्हा उत्तर मिळालं की काही होणार नाही, सावकाश बसवून घेऊ. त्याने दुरुस्तीसाठी चिठ्ठी लिहिली. साडेपाचला पिंप फुटलं, शेजारच्या पिंपाची तोटीही उडाली, मागची भिंत कोसळली आणि बिअरची लाट सेंट जाइल्सच्या गरीब वस्तीतल्या तळघरांत शिरली. आठ जण गेले, सगळ्या बायका आणि मुलं. एका तळघरात दोन वर्षांच्या आयरिश बाळाच्या मृतदेहाजवळ लोक जमले होते. त्या शोकातले पाच जण तिथेच बुडाले. चौकशीत निकाल लागला तो अपघाती मृत्यूचा.

क्रिक निष्काळजी नव्हता, भाऊजीही नव्हते. पहिली खूण मिळाली की माणूस तिला एकट्या वस्तूचा दोष समजतो. कडं सैल होतं, बाटली कच्ची होती. पण एकत्र भरलेल्या, एकत्र ठेवलेल्या, एकाच उकाड्यात उभ्या असलेल्या बाटल्यांपैकी एक फुटली, तर ती बाकीच्यांची अवस्था सांगत असते. सर्वांत दुबळी आधी गेली, एवढंच. तेव्हा दार ओढून घेऊन कोणालाही आत न जाऊ देणं पुरे होतं. काच गोळा करायलासुद्धा नाही.

रविवार, सकाळी ९.०० (उरले २ तास ४० मिनिटं)

बर्फ आला नव्हता. लग्नसराईचा रविवार, बर्फवाल्याकडे रांग. 'अकरापर्यंत पाठवतो.' मी तेव्हा पुण्याहून येत होते, वाटेत. बसमध्ये फोनला रेंज येत-जात होती आणि ६.५८ चा मेसेज मला मिळालेला नव्हता.

रविवार, सकाळी ११.१० (उरली ३० मिनिटं)

लादी आली. अंगणात टब धुतला, बर्फ फोडला, वर पाणी आणि मूठभर मीठ.

रविवार, सकाळी ११.४०

भाऊजी कोठीत गेले, मागे दोन पावलांवर भाचा. त्यांनी पहिलं क्रेट उचललं. बाटल्या एकमेकींवर किणकिणल्या. त्या हिसक्याने वायू सुटला की काचेला काच लागली, हे सांगता येणार नाही. दोन्ही कारणं पुरेशी होती. एक फुटली, तिच्या तुकड्यांनी शेजारची फोडली, आणि दोन-तीन सेकंदांत पाच बाटल्या गेल्या. भाऊजींचा चष्मा फुटला पण डोळे वाचले. डाव्या हाताला कोपराखाली आडवा वार बसला, खोल. एक तुकडा दाराच्या प्लायवूडमध्ये बोटभर रुतलेला मी नंतर उपटून काढला. पत्र्यावर आल्याचा चोथा चिकटलेला होता.

भाच्याने त्यांना बाहेर ओढलं, ओढणीने हात घट्ट बांधला आणि शेजाऱ्यांच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. तो बावीस वर्षांचा आहे. त्या पाच मिनिटांत त्याने जे केलं त्यात एकही चूक नव्हती.

रविवार, दुपारी १२.०५

सिन्नरला मला फोन लागला. मी तीनच गोष्टी सांगितल्या: कोठीचं दार लावा, आत कोणी जायचं नाही, कुठलंही बूच उघडायचं नाही. शेवटचं मुद्दाम सांगितलं, कारण घाबरून वायू सोडायला जाणारा माणूस बाटली चेहऱ्याजवळ धरतो.

रविवार, दुपारी १.३०

कोठीत नऊ बाटल्या अजून उभ्या होत्या आणि यीस्टला साखरपुड्याशी देणंघेणं नव्हतं. हेल्मेट, जाड जॅकेट, बागेचे चामडी हातमोजे घालून मी दारातूनच, लांब काठीने, दोन ओल्या गोधड्या क्रेटवर सरकवल्या. मग टबातला फोडलेला बर्फ फावड्याने त्या गोधड्यांवर टाकत गेले. काचेला थेट बर्फ लागू द्यायचा नव्हता, अचानक थंडीनेही तडा जातो. दर तासाला नवा बर्फ. जो बर्फ सकाळी आठला यायचा होता तो शेवटी याच कामी आला.

साखरपुडा रात्री साडेआठला झाला, घरच्यांपुरता. भाऊजी हात गळ्यात बांधून बसले होते. दारात कोकम सरबत दिलं.

साडेदहाला गोधड्या काढल्या. नऊही बाटल्या बर्फासारख्या गार होत्या. दुहेरी टॉवेलखाली बूच जरा जरा उचलत एकेक मोकळी केली. फ्रिजमधल्या पंधरा रात्रभर तशाच ठेवल्या.

सोमवार, सकाळी

पुण्याहून येताना माझ्या पिशवीत हायड्रोमीटर होता, भाचीला साखरपुड्याची भेट म्हणून आणलेला. काचेची ती तरंगती नळी पेयात किती साखर उरली ते सांगते. वायू असेल तर बुडबुडे तिला वर उचलतात आणि माप चुकतं, म्हणून प्रत्येक बाटलीतलं थोडं पेय दोन भांड्यांत उलटसुलट ओतून बसू दिलं आणि मग मोजलं. भाची शेजारी वही घेऊन बसली. तिनेच हट्ट धरला की चोवीसही मोजायच्या.

सुरुवातीला दोन्ही खेपांचं माप १.०३८ च्या जवळ असणार, साखर तेवढीच होती. फ्रिजमधल्या आठ बाटल्यांचं माप १.०३३ आलं, सातांचं १.०२८. कोठीतल्या नऊपैकी सात १.०३० वर होत्या आणि दोन १.०२६ वर. तिने आकडे दोन रकान्यांत मांडले आणि तिला माझ्याआधी दिसलं. जास्त आंबलेल्या बाटल्या गुरुवारच्या. फ्रिजमध्ये सात, कोठीत दोन, एकूण नऊ. गुरुवारी भरल्या होत्या पंधरा. म्हणजे फुटलेल्या सहाच्या सहा बाटल्या पहिल्या खेपेच्या होत्या, शनिवारी संध्याकाळी लेबलासाठी फ्रिजबाहेर काढलेल्या आणि रात्री ओळखू न आलेल्या.

पेय मोरीत ओतलं. एकदा एवढा ताण सोसलेली काच परत वापरायची नसते, म्हणून उरलेल्या बाटल्या भंगारात न देता पोत्यात घालून फोडल्या आणि पोतं वेगळं, सांगून, घंटागाडीत दिलं.

भाऊजींचे टाके दहाव्या दिवशी निघाले. करंगळी अजून बधिर आहे. नस पुन्हा जुळायला महिने लागतात, असं डॉक्टर म्हणाले.